आधी राखण, मग पाहुणचार

सावित्री नदीच्या मुखापासून जोग नदीच्या मुखापर्यंतच्या किनाऱ्यावरील गावांचा जाहीरनामा

वेळास, केळशी, आडे, आंजर्ले आणि यांच्या अधल्यामधल्या वाड्यांमध्ये राहणारे आम्ही लोक हा जाहीरनामा काढत आहोत. आमच्यात रात्री किनाऱ्यावर गस्त घालून कासवांची घरटी शोधणारे कासवमित्र आहेत. घरात पाहुणे उतरवून त्यांना रांधून वाढणाऱ्या बाया आहेत. नारळी-पोफळी शिंपणारे बागायतदार, होडीवाले, रिक्षावाले आहेत आणि मुंबईत नोकरी करून गावचं घर उघडं ठेवणारे चाकरमानीही आहेत. आमचं म्हणणं एकच आहे, बाकीच्या मागण्या त्यातूनच निघतात. जो निसर्ग राखतो, त्याच्या घरची चूल तो निसर्ग बघायला कोणी आलं की नाही यावर पेटता-विझता कामा नये.

मार्च २०२० ते जुलै २०२१ या काळात एक महामारी, दोन चक्रीवादळं आणि एक महापूर आमच्या वाट्याला आला. त्या दिवसांत आम्ही जे पाहिलं, ते विसरायची घाई आता सगळ्यांना झाली आहे. पाहुणे परत आले, गाड्यांची रांग पुन्हा लागली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं समजलं जातं. आम्हाला ते पूर्ववत नको आहे, म्हणून ही चळवळ.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. शेजारी बाणकोटचा किल्ला, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत इथे आले, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. कासवाची अंडी त्या काळी माणसं उकरून नेत, उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जात. ऑलिव्ह रिडले हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण कायदा रात्री दोन वाजता वाळूवर उभा राहत नाही. उभा राहिला तो गावातला माणूस. वन खातं, ग्रामपंचायत आणि संस्था यांच्या साथीनं काम सुरू झालं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. वेळासचं पाहून पुढे आंजर्ल्यानंही तोच रस्ता धरला.

हे काम कसं चालतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण पाहुण्यांना त्यातली शेवटची पाच मिनिटंच दिसतात. थंडी पडू लागली की माद्या किनाऱ्यावर चढतात. मादी मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगानं थापटते आणि भरतीच्या रेषेकडे परत जाते. वाळूवर तिच्या जाण्यायेण्याचा माग राहतो. कासवमित्र पहाटे त्या मागावरून जातो, काठीनं वाळू हलकेच चाचपून मऊ जागा शोधतो, अंडी हातानं एकेक करून काढतो आणि कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतो. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितो. दीड ते दोन महिन्यांनी दिवस भरतात. मग घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची. पिल्लं निघाली असतील तर ती मोजायची, नोंदवायची आणि पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची. तिथून समुद्रापर्यंत त्यांनी स्वतःच चालत जायचं असतं. महोत्सव म्हणतात तो हा एवढाच. त्याच्या मागे चार-पाच महिन्यांची जागरणं असतात.

या पाच मिनिटांसाठी मुंबई-पुण्याहून माणसं येऊ लागली. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून ती घरांत उतरली. पडवीत गाद्या, सकाळी पोहे किंवा घावणे, दुपारी कुळथाचं पिठलं नाहीतर फणसाची भाजी, सोलकढी, संध्याकाळी सांगितलं असेल तर उकडीचे मोदक. माणशी दर ठरलेला असे आणि तो गावभर सारखा असे. पैसे स्वयंपाकघराच्या दारात, बाईच्या हातात पडत. जाताना पाहुणे आगळ, आमसुलं, आंबापोळी, मेतकूट घेऊन जात. दोन महिन्यांच्या या मिळकतीवर कुणाच्या मुलीची कॉलेजची फी निघाली, कुणी घराचं छप्पर बदललं. बाहेरच्या कुणाचा पैसा न लावता, गावाचं गावपण न मोडता कासव वाचलं आणि चार पैसेही आले. या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो कुणी आमच्याकडून काढून घेऊ नये.

मग मार्च २०२० उजाडला. पिल्लं बाहेर पडण्याचा भर तेव्हाच असतो. महिन्याच्या मध्यावर फोन येऊ लागले, येणं रद्द, आगाऊ पैसे परत करा. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देशभर टाळेबंदी. वेसवी-बागमांडल्याची फेरीबोट थांबली, एसटी थांबली, गावांच्या वेशीवर बांबू आडवे पडले. घराघरांत पोह्यांची पोती, कुळथाचं पीठ, तांदूळ भरून ठेवलेले होते आणि खाणारं कोणी नव्हतं. आंब्याची पेटी निदान मुंबईतल्या सोसायट्यांपर्यंत थेट पोचवता आली, तशी पडवीतली गादी कुठे पोचवणार?

उबवणी केंद्रातल्या घरट्यांचे दिवस मात्र भरत होते. कासवमित्र तोंडाला रुमाल बांधून सकाळी जात होते आणि संध्याकाळी जात होते. टोपली उचलायची, पिल्लं मोजायची, वहीत आकडा लिहायचा, सोडायची. दोरीच्या पलीकडे एरवी दोन-तीनशे माणसं कॅमेरे सरसावून उभी असत, तिथे आता फक्त खेकड्यांची बिळं होती. कासवमित्रांच्या कामात तसूभर फरक पडला नाही. फरक पडला तो त्यांच्या घरात. कासवमित्राला मिळणारं मानधन हंगामापुरतं आणि तुटपुंजं. त्याचं घर चालत होतं ते त्याच्या आईनं किंवा बायकोनं उतरवलेल्या पाहुण्यांवर. पाहुणे थांबले, राखण थांबली नाही. आमची सगळी चळवळ या एका गोष्टीतून उभी राहिली आहे.

त्याच आठवड्यांत शहरांतून एक समजूत पसरली होती. माणूस घरात बसला म्हणून निसर्ग सावरला, ओडिशात रुषिकुल्या आणि गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लाखो कासवं आली ती माणसं नसल्यामुळेच, असं सांगितलं जात होतं. ओडिशाच्या त्या किनाऱ्यांवर कासवं टाळेबंदीच्या आधीही लाखांनी येत होती. आणि आमच्या किनाऱ्यावर तर माणूस खरोखरच घरी बसला असता, तर त्या हंगामातली बहुतेक घरटी कोल्ह्या-कुत्र्यांनी आणि घोरपडींनी फस्त केली असती. कोकणातलं कासव माणसाच्या राखणीमुळे टिकलं आहे. माणसाला निसर्गाचा वैरी ठरवणाऱ्या या गोडगोड चित्रांत राखणाऱ्या माणसाचं काम पुसलं जातं, आणि काम पुसलं गेलं की त्याचा मोबदलाही पुसला जातो. म्हणून ही समजूत आम्ही ठामपणे नाकारतो.

३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. खाडीच्या अलीकडचे आम्ही त्याच तडाख्यात सापडलो. काही तासांत किनाऱ्यावरचं सुरूचं बन आडवं झालं. पोफळी मधूनच मोडल्या आणि सगळ्या एकाच दिशेला पडल्या. बागेतून घरापर्यंतची पायवाट बंद झाली, विहिरींत झावळ्या आणि शेंडे पडून पाणी नासलं. कौलं उडाली, पत्रे शेजारच्या आवाठात सापडले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फोन चार्ज करायला जनरेटर शोधत फिरावं लागत होतं. पावसाळा तोंडावर, छपराला ताडपत्री नाही, आणि मुंबईहून मुलानं येऊन हातभार लावावा तर जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास हवा.

सरकारनं मदत वाढवली, ते आम्ही नाकारत नाही. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये ठरले. बागायतीची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. पण आमची बाग हेक्टरात कुणी मोजत नाही, गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या आगरात शंभराच्या घरात पोफळी असतात, दहा-पंधरा माड असतात, त्यांच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि मिरीचे वेल. हेक्टरचा दर लावला की या आगराला पाच हजार रुपये येतात. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात भागत नाही. ओरड झाल्यावर झाडामागे हिशेब आला, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात, बाणवली माडाला त्याहूनही जास्त. तोपर्यंत घर कशावर चालायचं? एरवी बाग गेली की पाहुण्यांवर निभावलं असतं आणि पाहुणे नसले तर बागेवर. त्या वर्षी दोन्ही खांब एकाच वेळी गेले.

गणपतीला चाकरमानी आले ते चौदा दिवस विलगीकरणात राहायचं की दहा, या वादातून. काही गावांत भावाभावांत कटुता आली. ती आता निवळली आहे, म्हणून इथे तेवढीच नोंद. पण त्या वादामागच्या आजाराच्या भीतीचं कारण खरं होतं. मंडणगडच्या ग्रामीण रुग्णालयात भागलं नाही, तर रत्नागिरी शंभर किलोमीटरपेक्षा लांब. ज्या किनाऱ्यावर हंगामात हजारो माणसं यावीत असं सरकारला वाटतं, तिथे प्राणवायूची सोय असलेल्या खाटा आधी हव्यात.

दुसऱ्या वर्षी घरं पुन्हा सावरत होती. १४ एप्रिल २०२१ ला राज्यात पुन्हा संचारबंदी आली, पुन्हा हंगामातच. मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळ किनारा घासून गेलं. २२ जुलैला चिपळूण आणि महाड पाण्यात गेली, आणि आमचा बाजार, आमची दुकानं, आमच्या एसटीचा रस्ता या दोन गावांवर उभा आहे. ज्यांनी पाहुण्यांसाठी कर्ज काढून संडास-बाथरूम बांधले होते, त्यांना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२० पर्यंत हप्त्यांची सवलत दिली होती खरी, पण त्या काळात व्याज वाढतच होतं. कोकणात पावसाळ्यात पाहुणा येत नाही. सप्टेंबरात हप्ता सुरू झाला तेव्हा हातात काय होतं?

२८ जून २०२१ ला केंद्र सरकारनं पर्यटन क्षेत्रासाठी हमी असलेलं कर्ज जाहीर केलं. पर्यटन संस्थांना १० लाखांपर्यंत, गाइडना १ लाखापर्यंत. ते होतं केंद्राच्या किंवा राज्याच्या पर्यटन खात्याची मान्यता असलेल्यांसाठी. किनाऱ्यावर टोपली उचलणारा कासवमित्र त्या यादीत कुठे बसतो? पडवीत गाद्या घालणारी वहिनी कुठे बसते? वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत होडी वल्हवून कांदळवन दाखवणाऱ्या बचत गटाच्या बाया कुठे बसतात? पर्यटन वाढलं की भाषणांत पहिलं नाव यांचं येतं, आणि मदतीची यादी निघते तेव्हा यांच्याजवळ कागद नसतो. वर ती मदत म्हणजे कर्ज. ज्याचं उत्पन्नच बुडालं आहे त्याला आणखी कर्ज देणं, याला आम्ही मदत म्हणत नाही.

हे फक्त आमचं दुखणं नाही. कासच्या पठारावर २०२० ला फुलं फुलली, पण बघायला कोणी नव्हतं. ताडोब्याच्या वेशीवरच्या गावांत जिप्सी उभ्या राहिल्या, गाइड घरी बसले. वाघ, फूल, काजवा, कासव, नाव काहीही घ्या, मांडणी सगळीकडे तीच होती. राखणाऱ्याचं पोट बघणाऱ्याच्या तिकिटावर. या सगळ्यांशी आमचं नातं आहे आणि त्यांनीही आपापल्या ठिकाणी आपापला जाहीरनामा लिहावा, अशी आमची विनंती आहे.

आता टाळेबंदी उठून गेली आणि दुसरंच संकट आलं. घरी बसून कंटाळलेलं शहर किनाऱ्याकडे धावलं. जमिनी विकत घेणारे आले. वादळात बाग गेलेल्या, अंगावर कर्ज असलेल्या माणसाला त्यांनी दिलेला भाव फार मोठा वाटला, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्या जागी उभ्या राहिलेल्या बंगल्यांचे दिवे रात्रभर समुद्राकडे तोंड करून जळतात. कासवाचं पिल्लू वाळूतून बाहेर आलं की उजेडाच्या दिशेला चालतं. शेकडो पिढ्या तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा होता. भरतीच्या रेषेवरून गाड्या पळवल्या जातात, आणि घरटी तिथूनच थोडी वर असतात. त्या बंगल्यात उतरलेल्या पाहुण्याचे पैसे गावच्या एकाही स्वयंपाकघरात येत नाहीत. यालाही जाहिरातीत इको-टुरिझमच म्हणतात.

म्हणून आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत, आणि काही मागत आहोत.

सगळ्यात आधी राखणीचं वेतन. कासवमित्राला वर्षाचे बारा महिने, महिन्याच्या महिन्याला, सरकारी तिजोरीतून वेतन मिळालं पाहिजे, अपघात विम्यासह. हंगाम संपला तरी त्याला काम असतं: पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर आलेली तुटकी जाळी आणि प्लास्टिक काढणं, उबवणी केंद्राचं कुंपण, कांदळवनाची देखभाल, शाळांतून मुलांना शिकवणं, नोंदी ठेवणं. हे मागणं अचाट नाही. जाळ्यात सापडलेलं कासव सोडवण्यासाठी कोळ्यानं जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, हे महाराष्ट्र सरकारनं २०१८ पासून मान्य केलं आहे. ते जाळं कापताना बघायला पर्यटक नसतो, तिकीट नसतं. राखण हेच काम आहे आणि त्याला दाम आहे, हे तत्त्व सरकारनं समुद्रात मानलं आहे, तेच आता वाळूवर मानावं. २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. पश्चिम किनाऱ्यावरचं असं ते पहिलं ऑलिव्ह रिडले कासव. शास्त्रज्ञांच्या त्या कामाचा आम्हाला आनंद आहे. पण अशी मादी कोणत्या रात्री, कोणत्या भरतीला, कुठे चढते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या वेतनाची तरतूद टॅगच्या किमतीइतकीच गांभीर्यानं व्हायला हवी.

दुसरं काम आमचं आम्हीच करणार आहोत. गावात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे एका रात्रीचे पन्नास रुपये गावाच्या राखीव निधीत जातील. शंभर पाहुण्यांच्या रात्रीला पाच हजार. खातं ग्रामसभेच्या ठरावानं उघडायचं, त्यावर दोन बायांच्या आणि एका कासवमित्राच्या सह्या. हे पैसे रस्त्याला नाहीत, कमानीला नाहीत, महोत्सवाच्या मंडपाला तर नाहीतच. सरकारी आदेशानं किंवा वादळानं हंगाम बंद पडला, तरच खात्यातून पैसे काढायचे, आणि तेव्हा आधी राखणाऱ्यांची घरं, मग एकट्या बाईवर चालणारी घरं, मग बाकीची. पाहुण्याला ही रक्कम बिलात वेगळी लिहून दाखवायची. ज्याला ती द्यायची नाही त्याला आम्ही नम्रपणे दुसरीकडे जायला सांगू.

पर्यटन हा जोडधंदा आहे आणि तो जोडधंदाच राहील. पोफळ तोडून खोली बांधायची नाही. एका घरात एका रात्री दहापेक्षा जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत. दर गावभर एकच. पाण्याची पातळी खाली गेलेल्या आठवड्यात पाहुणे कमी घ्यायचे. ज्याच्या घरात सोय नाही, त्याच्याकडून आगळ, पापड, भाजी घ्यायची, म्हणजे पैसा मोठ्या घरांपाशीच थांबणार नाही. हे नियम काहींना जाचक वाटतील. ज्यांच्याकडे मोठी घरं आहेत, त्यांचं उत्पन्न यात कमी होणार आहे, हे आम्ही लपवत नाही. पण २०२० च्या जूनमध्ये बाग आणि पाहुणे दोन्ही एकदम गेलेली घरं आम्ही पाहिली आहेत. ज्यांनी बाग आधीच पाहुण्यांसाठी तोडली असती, त्यांना पुढची दहा वर्षंही काही उरलं नसतं. सुपारी, नारळ, मिरी, आंबा, मासे यांच्या जोडीला पाहुणा, हा क्रम कुणी उलटा करू नये.

सरकारकडे आमचं मागणं असं आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतच म्हटलं आहे की राहत्या घराचं जोतं, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता स्थानिकांना पाहुणे उतरवता येतील. मग त्या घरांची नोंद ग्रामपंचायतीत, फुकट आणि घरातल्या बाईच्या नावावर होऊ द्या. ती नोंद मदतीच्या प्रत्येक यादीत ग्राह्य धरा. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेची कागदपत्रं जमवायला ज्यांना तालुक्याला चार फेऱ्या माराव्या लागतात, त्यांना संकटाच्या वेळी 'तुमची नोंद नाही' असं ऐकवू नका. बागायतीची भरपाई झाडाचं वय आणि ते पुन्हा धरेपर्यंतची वर्षं बघून ठरवा. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही रिसॉर्टला परवानगी देण्याआधी ग्रामसभेचा ठराव मागा, आणि ग्रामसभेनं नाही म्हटलं तर त्या नाहीला मान द्या. हंगामाच्या चार महिन्यांत समुद्राकडच्या दिव्यांवर बंदी घाला आणि वाळूवर गाडी आणणाऱ्याला खरोखर दंड करा.

येणाऱ्या पाहुण्यांनो, तुमच्यावर आमचा राग नाही. तुमच्या येण्यामुळे आमच्या मुलांना कळलं की आपल्या दारात काही मोलाचं आहे. तुम्ही या, पण महोत्सवाला तमाशा बघायला आल्यासारखं येऊ नका. टोपली उचलली आणि खाली पिल्लू नसलं, तर तो दिवस वाया गेला असं समजू नका. रिकामी टोपली उचलणं हेही त्याच कामाचं अंग आहे, आणि हंगामात ते कितीतरी वेळा होतं. फ्लॅश बंद ठेवा, दोरीच्या अलीकडे उभे राहा, पिल्लाला हातात मागू नका. उतरताना गावच्या घरात उतरा. आणि परत गेल्यावर, ज्या वर्षी तुम्हाला येता येणार नाही, त्या वर्षीही या राखणीचं काहीतरी देणं आपल्याकडे लागतं असं वाटलं, तर गावाच्या निधीत टाका. त्या दोन हंगामांत असं करणारे पाहुणे आम्हाला भेटले आहेत. त्यांनी आगाऊ दिलेले पैसे परत घेतले नाहीत. त्यांची नावं इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

मुंबईच्या भावांनो आणि बहिणींनो, तुमच्याशी बोलणं थोडं वेगळं आहे. तुमच्या नावावरची पडीक बाग विकायला काढण्याआधी गावाला विचारा. विकायचीच झाली, तर गावातल्या माणसाला किंवा बचत गटाला भाडेपट्ट्यानं देण्याचा विचार आधी करा. मे महिन्यात तुम्ही आलात की घरात जागा हवी म्हणून पाहुणे घेऊ नका असं आईला सांगू नका. ते पैसे तिचे आहेत.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं तीन ठराव मांडायचे आहेत: राखीव निधीचं खातं, पाहुण्यांच्या संख्येची मर्यादा आणि पाहुणे घेणाऱ्या घरांची ग्रामपंचायतीत बायांच्या नावावर नोंद. ठरावांचा मसुदा या जाहीरनाम्यासोबत जोडला आहे. सूचक आणि अनुमोदक या दोन्ही जागी बायांनीच सही करावी, असा आग्रह आहे. कासवमित्रांच्या वेतनाचं निवेदन सगळ्या गावांच्या सह्या झाल्या की एकत्र वन खात्याकडे जाईल. पहिली मादी साधारण नोव्हेंबरात चढते. त्याआधी खाती उघडलेली असली पाहिजेत.